तो फ्रॉक छापलेला नाही, शिवलेला आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत मोंद्रियान ड्रेसला, म्हणजे डच चित्रकार मोंद्रियानच्या रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून बेतलेल्या फ्रॉकला, तुम्ही अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार मानते. म्युझियममध्ये जपलेल्या बायकांच्या कपड्यांवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. पण ‘मोंद्रियानचं चित्र पांढऱ्या फ्रॉकवर छापलं’ असं लेखात वाचलं, फोटोखालीही पुन्हा ‘चित्र छापलेला फ्रॉक’ दिसलं, आणि राहवेना. म्हणून आज दुकान उघडायच्या आधी हे पत्र लिहायला घेतलं.

तो फ्रॉक छापलेला नाही. फ्रेंच फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँने १९६५च्या हिवाळी संग्रहासाठी तो लोकरीच्या जर्सीत केला. पांढरा, लाल, निळा, पिवळा, प्रत्येक रंगाचं कापड वेगळं कापून एकमेकांना जोडलेलं आहे. त्या काळ्या रेघाही रंगवलेल्या नाहीत की वरून लावलेल्या फिती नाहीत. त्या मधे बसवलेल्या काळ्या कापडाच्या पट्ट्या आहेत, दोन्ही कडांनी शिवलेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला फ्रॉक तिथे १९६९ साली भेट म्हणून आला, म्हणजे अवघ्या चार वर्षांत तो जपून ठेवण्याजोगा ठरला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडेही या संग्रहातला एक आहे. छापलेलं कापड असतं तर एवढं कौतुक झालं असतं का, याचा लेख लिहिताना जरा विचार करायला हवा होता.

हा फरक किरकोळ आहे असं कुणी म्हणेल. शिवणारीच्या दृष्टीने सगळी करामत तिथेच आहे. मोंद्रियानचं चित्र सपाट असतं, त्यात आडव्या-उभ्या रेघा आणि रंगीत चौकोन सोडून काही नाही. बाईचं अंग सपाट नसतं. एरवी आपण छातीशी टक घेतो, कमरेशी घेतो, म्हणजे कापड अंगाला बसतं. या फ्रॉकवर टक दिसला की चित्र मोडलं. मग अंगाचा आकार घ्यायचा कुठे? तर त्याच चौकोनांच्या शिवणींत. काळ्या पट्टीच्या कडेला कापड बेतातच किंचित गोलाई देऊन कापायचं, तो सगळा आकार शिवणीत लपवायचा, आणि फ्रॉक अंगात घातल्यावर पट्टी मात्र सरळ दिसली पाहिजे. टेबलावर पसरल्यावर सरळ आणि अंगावर वाकडी असं झालं तर सगळी मेहनत वाया.

त्यात जर्सी. विणलेलं कापड मशीनच्या पायाखाली ताणलं जातं, वरचं पुढे सरकतं, खालचं मागे राहतं. चार तुकडे जिथे एका कोपऱ्यात भेटतात तिथे माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, एकावर एक येऊन जाड गाठ होते. ती पातळ करायची, उलगडून इस्त्री करायची, आणि काळ्या कापडाची माया पांढऱ्याखाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर उजेडात काळी सावली दिसते. एक कोपरा दोऱ्याच्या जाडीएवढा जरी सरकला तरी लांबून चूक दिसते. फुलाफुलांच्या कापडात खपून जातं, इथे लपायला जागाच नाही.

मला हे नुसतं वाचून माहीत नाही. मागे एक बाई याच फ्रॉकचा फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना तसाच कुर्ता हवा होता, भाचीच्या साखरपुड्यात घालायला. छापील कापड आणा, लवकर होईल, असं मी सुचवलं. नको, जोडूनच हवा, फोटोत आहे तसाच, असं त्यांचं म्हणणं. मी आधी जुन्या चादरीवर बेत काढला, मापाला लावून पाहिला, मग खरं कापड कापलं. छातीवरची आडवी पट्टी दोनदा उसवली, कारण मुंढ्याकडे ती वर चढत होती. शेवटी पट्टी हातशिलाईने कच्ची टाचून घेतली आणि मग मशीनवर घातली. कुर्ता इतका छान बसला की त्या स्वतः आरशासमोरून हलेनात. आणि शिलाई सांगितल्यावर म्हणाल्या, ‘चार तुकडे तर जोडलेत. याची एवढी शिलाई?’ पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी मला तसाच दिसणारा रेडिमेड छापील कुर्ता दाखवला, तो त्यांना निम्म्याहून कमी पैशांत मिळत होता. ठरलेली शिलाई त्यांनी पूर्ण दिली नाही ती नाहीच. उरलेल्या पैशांपेक्षा ‘चार तुकडे’ मला जास्त लागलं.

आता तुमच्यासारख्या मान्यवर वर्तमानपत्राने ‘छापला’ म्हटल्यावर, उद्या कुणी माझ्या पुढ्यात ती पुरवणीच ठेवेल. मग मी काय उत्तर देऊ?

छपाईला मी हलकं मानत नाही. लेखात ओझरता उल्लेख आलेला ‘टिअर्स ड्रेस’ बघा. फॅशन डिझायनर एल्सा स्किआपारेल्लीच्या १९३८च्या सर्कस संग्रहातला तो पोशाख व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. त्याच्या कापडावर फाटल्याचा भास छापलेला आहे, चित्र स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं. पण त्याच्यासोबतच्या ओढणीवर तसेच फाटके तुकडे खरोखर कापून, उलटून, गुलाबी बाजू दाखवत जोडलेले आहेत. म्हणजे अंगावर छापील जखम आणि डोक्यावर खरी. छापलेलं कोणतं आणि कापलेलं कोणतं, यावरच तो अख्खा पोशाख उभा आहे. इथे तरी फरक सांगायला हवा होता, तोही राहिला.

आणि लॉब्स्टर ड्रेसचं काय केलंत? ‘दालीने तयार केलेला’ असं लिहिलंय. १९३७चा तो संध्याकाळचा झगा स्किआपारेल्लीचा आहे. दालीने फक्त शेवंड काढून दिला. झगा कसा पडेल, कापड कोणतं, कंबर कुठे, हे त्या बाईने ठरवलं. तिनेच तो १९६९ साली फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाला दिला. तुमच्या लेखात दालीचं नाव तीन ठिकाणी आणि तिचं एकदाही नाही. चित्रकाराचं नाव घेतलं की कपड्याला मान मिळतो, अशी समजूत दिसते. मला ती मान्य नाही. मोंद्रियान १९४४ सालीच न्यूयॉर्कमध्ये वारला, हा फ्रॉक त्याने पाहिलासुद्धा नाही.

सँ लोराँनेही तो एकट्याने शिवलेला नाही. अशा कुत्यूर घरांची, म्हणजे मापावर उंची कपडे शिवून देणाऱ्या फॅशन कंपन्यांची, स्वतःची शिवणघरं असतात. तिथे एका कपड्याला अनेकांचे हात लागतात. १९८८ साली त्याने व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची आणि आयरिसची जाकिटं केली, त्यांच्या भरतकामाला प्रत्येकी सहाशे तास लागल्याचं सांगतात. भरतकाम करणाऱ्या लेसाज घराण्याचं नाव निदान लोकांना माहीत आहे. सुई धरणाऱ्या हातांची नावं म्युझियमच्या पाटीवरही नसतात. पाटीवर नसली तरी वर्तमानपत्राने ती माणसं होती एवढं तरी लिहावं. ‘छापला’ म्हटलं की ती होतीच असं उरत नाही.

आणखी एक. फोटो गुडघ्याच्या वर कापलाय. या फ्रॉकचा खालचा काठ, तिथे रंगीत चौकोन कसा संपतो, हे दिसल्याशिवाय फ्रॉक कळत नाही. शिवाय पिवळा छापताना नारिंगी झालाय आणि लाल रंग काळ्या पट्टीच्या बाहेर आलाय. तीनच मूळ रंगांवर उभ्या असलेल्या कपड्याचं हे असं होऊ द्यायला नको होतं. जागा हवी होती तर शेजारची त्वचेच्या मलमाची जाहिरात जरा लहान करता आली असती.

आणि हा लेख ‘नटूया सजूया’ या सदरात का? सँ लोराँच्या घरातलं मोंद्रियानचं १९२२चं चित्र २००९ साली पॅरिसमध्ये लिलावात दोन कोटी युरोंहून जास्त किमतीला गेलं. अशी बातमी वर्तमानपत्रं कलेच्या पानावर देतात. त्याच चित्रकाराच्या मांडणीवर बेतलेला, दोन खंडांतल्या म्युझियममध्ये जपलेला फ्रॉक मात्र लिपस्टिकच्या छटांशेजारी.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारी दुरुस्ती द्या, आणि कोपऱ्यात नको, त्याच पानावर त्याच जागी द्या. फ्रॉक जर्सीचे रंगीत तुकडे जोडून शिवलेला आहे, आणि लॉब्स्टर ड्रेस एल्सा स्किआपारेल्लीचा आहे, या दोन गोष्टी ठळक छापा. फोटो पुन्हा द्याल तर काठासकट द्या. ते कात्रण मी दुकानात मशीनवरच्या भिंतीला लावणार आहे, शिलाईचे दर लिहिलेत त्याच्या शेजारी.

कळावे,
आपली नियमित वाचक,
व्यवसाय : शिवणकाम