चिंध्या टाकू नका, गणेश चवथीचं तोरण करूया

सर्व भगिनींना,
येत्या शनिवारी दुपारी 3 वाजता मंडळाच्या खोलीत चिंध्यांचं तोरण करायला बसणार आहोत. शिवणातून उरलेले सुती तुकडे आणा. कुणबी लुगड्याच्या लाल चौकडीचा तुकडा कुणाकडे असेल तर तो आवर्जून आणा, दारावर त्याच्यासारखं काही शोभत नाही! 2 इंच रुंद, वीतभर लांब पट्ट्या घरूनच कापून आणाव्यात. सुतळीवर दाटीवाटीने गाठी मारत गेलं की झालं, सुईसुद्धा लागत नाही. खळ मात्र नको, पावसाळी दमटपणात तिला बुरशी धरते. नायलॉन, जॉर्जेटही नको. समईजवळ ते धोक्याचं. आणि हे तोरण फक्त दारासाठी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती चौकट, आपली रानातल्या फळाफुलांचीच हवी.
कात्री स्वतःची आणावी.