गेम लॅग मारतोय म्हणून लगेच ग्राफिक्स कार्ड बदलू नका, आधी मोजून मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मोबाईल, लॅपटॉपवर दर आठवड्याला काही ना काही येतं, पण घरोघरी मुलांनी हट्टाने असेंबल करून घेतलेले गेमिंग पीसी असतात त्यांच्याबद्दल कधी काही वाचल्याचं आठवत नाही. आमच्याकडे नागपुरात तर दहावी-बारावीचा रिझल्ट लागला की अर्ध्या मुलांची मागणी हीच असते. मी ओळखीतल्या मुलांचे पीसी हौसेने बघून देतो आणि त्यातली सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच, "काका, गेम लॅग मारून राहिला". त्यावर दुकानातून मिळणारं उत्तरही एकच, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) कमी पडतंय, नवीन टाका. कॅबिनेट उघडायचं नाही, काही मोजायचं नाही, थेट वीस-तीस हजारांचं कोटेशन. हे थांबायला पाहिजे म्हणून लिहितोय, थोडं लांबेल पण कृपया पूर्ण वाचा.

मुळात "लॅग" या एका शब्दाखाली तीन-चार वेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ऑनलाइन गेममध्ये समोरचा प्लेअर उड्या मारत इकडून तिकडे जातोय पण आपला कॅमेरा मात्र मऊ फिरतोय, तर तो नेटचा प्रॉब्लेम आहे, पिंगचा, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचा, त्याला कितीही महाग कार्ड टाकून फरक पडणार नाही. सगळा गेमच सुरुवातीपासून संथ चालतोय तर हो, तिथे कार्ड किंवा प्रोसेसर कमी पडत असू शकतं. पण बहुतेक वेळा मुलं सांगतात ते तिसरंच असतं, एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) तर ९० दाखवतो पण मध्येच झटका बसतो. दुकानदार मग तो ९० चा आकडा दाखवून म्हणतो बघा, पीसी मस्त चालतोय, मुलाला भास होतोय.

भास नसतो तो. साधं गणित करून बघा, एका सेकंदात ९० फ्रेम आल्या, त्यातल्या ८९ फ्रेम प्रत्येकी ९ मिलिसेकंदात आल्या आणि एका फ्रेमला १९९ मिलिसेकंद लागले, तर बेरीज बरोबर १००० होते, कोपऱ्यात एफपीएस ९० च दिसणार, पण डोळ्यांसमोर चित्र सेकंदाचा पाचवा भाग थांबलेलं असतं. म्हणून एफपीएसच्या सरासरीवर जायचंच नाही, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते बघायचं. ६० एफपीएसला एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ ला जेमतेम ६.९. ही गोष्ट काही आजची नाही, स्कॉट वॉसन या पत्रकाराने २०११ मध्येच द टेक रिपोर्ट या वेबसाइटवर सेकंदाच्या आत डोकावून फ्रेम टाइम मोजायची पद्धत मांडली होती आणि आज बहुतेक गंभीर रिव्ह्यूवाले सरासरीबरोबर "वन पर्सेंट लो", म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस, हा आकडा देतात. मोजायची साधनंही फुकट आहेत, एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर टाकलं की गेम चालू असतानाच स्क्रीनवर फ्रेम टाइमची रेघ दिसते, ती सपाट असेल तर गेम मऊ चालतोय आणि मध्येच सुळका आला की तोच झटका. कॅपफ्रेमएक्स म्हणून अजून एक आहे, त्यात रेकॉर्ड करून नंतर निवांत बघता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच स्क्रीनवर कार्डाचा वापर किती टक्के आहे तेही दिसतं. गेम अटकतोय आणि कार्ड ९७-९८ टक्क्यांवर चाललंय तर कार्डावर खरंच लोड आहे, सेटिंग थोडी कमी करा नाहीतर मग कार्डाचा विचार करा. पण गेम अटकतोय आणि कार्ड ५०-६० टक्क्यांवर बसलंय याचा अर्थ ते कार्ड स्वतःच कोणाची तरी वाट बघतंय, प्रोसेसरची, रॅमची, डिस्कची. (एफपीएसला कॅप, म्हणजे वरची मर्यादा, लावलेला असेल किंवा व्हीसिंक, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग, चालू असेल तर आकडा तसाही कमी दिसतो, तेव्हा बघताना ते बंद ठेवायचं.) अशा पीसीत दुप्पट ताकदीचं कार्ड टाकलं तर ते ३० टक्क्यांवर बसून वाट बघेल, झटके तिथेच राहतील. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक यांसारखे गेम प्रोसेसरवरच जास्त चालतात आणि आपल्याकडची निम्मी मुलं तर हेच खेळतात.

माझ्या शेजारच्या कॉलनीत एका रिक्षावाल्या दादांनी मुलासाठी पीसी घेतला होता, रायझन ५ ५६००जी वाला, वेगळं कार्ड नसलेला, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालणारा. २०२१ मध्ये कार्डांच्या किमती डोक्यावरून गेल्या होत्या तेव्हापासून हा प्रोसेसर बजेट पीसीत खूप विकला गेला आणि चांगला आहे तो. पण दुकानाने त्यात १६ जीबीची एकच पट्टी टाकून दिलेली, "पुढे अपग्रेड करता येईल" म्हणून. या प्रोसेसरला स्वतःची वेगळी व्हिडिओ मेमरी नसते, ग्राफिक्सचं सगळं ओझं साध्या रॅमवर, आणि डीडीआर४ ३२०० (हा रॅमचा प्रकार आणि स्पीड) ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते तर दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन रस्त्यांनी एकदम, ५१.२ देतात. म्हणजे अर्धा रस्ता पहिल्या दिवसापासून बंद. वर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवायची सोय) चालूच केलं नव्हतं, ३२०० चे पैसे घेऊन रॅम २४०० वर चाललेली. त्यावर दुकानाचा सल्ला काय, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्या आणि त्यासाठी मोठा पॉवर सप्लायपण घ्या. दादा कर्ज काढायच्या तयारीत होते. शेवटी १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या, त्याही एकाआड एक स्लॉटमध्ये नीट बसवून आणि एक्सएमपी चालू करून तोच पीसी तोच गेम व्यवस्थित चालवायला लागला. मला राग याचाच येतो की हे दुकानात पीसी जोडतानाच करायचं काम होतं आणि त्याला जास्तीचा खर्च जवळपास नव्हताच.

एक पट्टी, चुकीचा स्लॉट, बंद एक्सएमपी, हे तुम्ही कुठल्याही गावात दहा पीसी उघडून बघा, सापडणारच. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये एक चॅनल चालू आहे की दोन ते दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. तसंच मॉनिटरची केबल कार्डाला न लावता वर मदरबोर्डला लावलेली, किंवा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला, हेही सर्रास.

दुसरा मोठा भाग असा की ज्यात पीसीचा काहीच दोष नसतो, दोष गेमचा असतो. नवीन जागेत गेलो किंवा पहिल्यांदा स्फोट झाला की झटका, आणि तीच जागा दुसऱ्यांदा आली की मऊ, असं होत असेल तर ते शेडर कंपाइलचं प्रकरण आहे. शेडर म्हणजे प्रकाश, पाणी, धूर कसा दिसायचा याचे छोटे छोटे प्रोग्रॅम, आणि प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक पिढीच्या कार्डाची भाषा वेगळी असल्यामुळे ते तुमच्या पीसीवर येऊन तुमच्या कार्डासाठी तयार व्हावे लागतात. प्लेस्टेशनवर सगळ्यांचं हार्डवेअर सारखं म्हणून ते आधीच तयार करून देता येतात, पीसीवर तसं जमत नाही. डायरेक्टएक्स १२ (विंडोजमध्ये गेम आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर ही जबाबदारी बरीचशी गेम बनवणाऱ्यांवर आली आणि ज्यांनी ती नीट घेतली नाही त्यांचे गेम खेळता खेळता शेडर बनवतात, तोच झटका. डिसेंबर २०२२ मध्ये द कॅलिस्टो प्रोटोकॉल आला तेव्हा बाजारातल्या सगळ्यात महाग कार्डांवरसुद्धा तो असाच अडखळत होता, मग पॅच आला तेव्हा सुधारला. एल्डन रिंगचंही २०२२ मध्ये पीसीवर सुरुवातीला तेच. आणि २०१५ मध्ये तर बॅटमॅन अर्कम नाइटची पीसी आवृत्ती इतकी खराब निघाली की वॉर्नर ब्रदर्सला जूनमध्ये तिची विक्रीच थांबवावी लागली आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत आणावी लागली. अशा गेमसाठी मुलाच्या हट्टापायी नवीन कार्ड घेणाऱ्या आईवडिलांना कोण सांगणार की कार्ड बदलून हे जाणार नाही?

यात आपल्या हातात आहे ते एवढंच, गेम सुरू होताना "शेडर्स तयार होत आहेत" अशी पट्टी येते ती मुलं कंटाळून स्किप करतात ती पूर्ण होऊ द्यायची, कार्ड एनव्हिडिया कंपनीचं असेल तर तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशेची (तयार शेडर साठवायच्या जागेची) साइज वाढवून ठेवायची आणि कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर पहिले काही तास थोडे झटके येतील हे धरून चालायचं, कारण अपडेटनंतर जुने शेडर चालत नाहीत, परत बनतात. नवीन गेम आला की पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे देऊन घेण्यापेक्षा महिनाभर थांबा असं मी प्रत्येक मुलाला सांगतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांच्या आत परत करता येतो हेही कित्येकांना माहीत नसतं.

आणि आमचा विदर्भ! मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, खोलीत कूलर, आणि कॅबिनेट टेबलाखाली लाकडी कप्प्यात तिन्ही बाजूंनी कोंडलेलं. गेम पहिली वीस मिनिटं छान चालतो आणि मग एफपीएस धपकन खाली येतो, हे लक्षण उष्णतेचं. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला आपोआप स्पीड कमी करतात. एचडब्ल्यूइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर तापमान आणि स्पीड दोन्ही दाखवतं, त्यात थर्मल थ्रॉटलिंगपुढे येस आलं की उत्तर मिळालं. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढा, धूळ साफ करा, तीन-चार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदला, काही शे रुपयांत काम होतं. काही जण झाकण काढून कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवतात, ते मात्र अजिबात करू नका, ती हवा दमट असते आणि धूळ चिकटून बसते ती वेगळी.

बाकी कारणं भराभर सांगतो. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर टाकल्यावरच झटके येत असतील तर व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरतोय, टेक्श्चर एक पायरी खाली आणा, दिसण्यात फारसा फरक पडत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर आजचे ओपन वर्ल्ड गेम टाकू नका, गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता लोड व्हायला वेळ लागतो, एसएसडी घ्या, तो खर्च योग्य आहे. रायझनवाल्यांचा पीसी अधूनमधून कारण नसताना एक-दोन सेकंद आवाजासकट अडकत असेल तर बायोस जुना आहे का बघा, एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे असं होतं हे रायझन बनवणाऱ्या खुद्द एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं होतं आणि बायोस अपडेटमध्ये त्याचा इलाज दिला. जुन्या मदरबोर्डवर नवीन स्वस्त कार्ड घेणाऱ्यांनी पण सांभाळून, उदाहरणार्थ जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी, त्याला ४ जीबी मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या) फक्त चार लेन, त्यामुळे पीसीआय ३ वाल्या जुन्या बोर्डवर ते पीसीआय ४ च्या तुलनेत बरंच मागे पडतं आणि आपल्याकडे असे बोर्ड अजून घरोघरी आहेत.

हे सगळं मी कुठून शोधून काढलेलं नाही, माहिती उपलब्ध आहे, पण इंग्रजीत आहे आणि पैसे देणाऱ्या आईवडिलांपर्यंत पोचत नाही. ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघतात. म्हणून दुकानदारांकडून माझ्या मागण्या आहेत आणि त्या फार नाहीत. बिलावर नुसतं "१६ जीबी रॅम" न लिहिता किती पट्ट्या आणि किती स्पीडला चालू करून दिल्या ते लिहा. पीसी हातात देताना वीस-तीस मिनिटं एक गेम चालवून तापमान आणि फ्रेम टाइमची रेघ गिऱ्हाइकाला दाखवा. तक्रार घेऊन कोणी आलं तर आधी कार्डाचा वापर किती टक्के आहे ते स्क्रीनवर दाखवा आणि मगच नवीन कार्डाची गोष्ट काढा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तपकीर गल्लीपर्यंत हे करणारे चांगले दुकानदार नक्कीच असतील, त्यांचं काम लोकांना दिसलं तर बाकीच्यांनाही करावं लागेल. आणि बिलात लिहिलेल्यापेक्षा वेगळं काही बसवून दिलं असेल, दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे, बिल मात्र पक्कं घ्या, पाचशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर पीसी घेऊ नका.

तुमच्याकडे विनंती अशी की दिवाळीच्या खरेदीआधी एक अर्धं पान या विषयाला द्या, मराठीत, चित्रांसकट, रॅम कुठल्या स्लॉटमध्ये, केबल कुठे लावायची, फ्रेम टाइमची चांगली रेघ कशी दिसते आणि वाईट कशी. आणि तुमच्या पुरवणीत कधी गेमिंग लॅपटॉपचा किंवा कार्डाचा रिव्ह्यू आला तर त्यात सरासरी एफपीएसच्या शेजारी वन पर्सेंट लो चा आकडा छापायला सुरुवात करा. त्या पानासाठी स्क्रीनशॉट, फोटो किंवा अजून काही माहिती लागली तर मी आनंदाने तयार करून पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर