अंगणातला बाजार आणि अभ्र्याआडचे पाहुणे

फोगो बेट, न्यूफाउंडलंड, कॅनडा
ऑगस्टअखेर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जुन्या वस्तूंचा बाजार इथलं गाव कसं भरवतं आणि तुमच्या महिला मंडळाला देवळाच्या सभामंडपात तसा भरवता येईल का, असं तू विचारलंस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या बेटाला पूल नाही. सगळा माल फेअरवेल नावाच्या धक्क्यावरून बोटीनं येतो. एकदा आलेलं कपाट परत पाठवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे ते या घरातून त्या घरात फिरत राहतं. यार्ड सेल, म्हणजे अंगणात भरणारा हा जुन्या वस्तूंचा बाजार, गावाचं सामाईक कोठार आहे. नाताळातली सोंगं, वाद्यं, चिंध्यांच्या चटया, या सगळ्यांचा कच्चा माल याच टेबलांवरून जातो. म्हणून मला हा बाजार फार मोलाचा वाटतो.

बाजार शनिवारी सकाळी भरतो. आठची वेळ लिहिली तरी लोक साडेसातलाच दारात उभे असतात, तेव्हा किमतीच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच लावाव्यात. कॅनडात 2013 पासून एक सेंटचं नाणं वाटत नाहीत. किमती 25 सेंट, 50 सेंट, 1 डॉलर, 2 डॉलर अशाच ठेवल्या की हिशेब अडत नाही. गल्ल्यात सुरुवातीला 50 डॉलर सुटे हवेत: 25 सेंटची 40 नाणी, 1 डॉलरची 20 आणि पाचाच्या चार नोटा. तुम्ही 10, 20, 50 रुपयांवर थांबा आणि दहाची नाणी भरपूर ठेवा. पहिल्या तासात सुटे संपले की लोक वस्तू ठेवून निघून जातात.

इथला वारा टेबलावरचं काहीही उडवतो, म्हणून काच आणि चिनी मातीची भांडी खोक्यात घालून जमिनीवर ठेवतात आणि कपडे दोरीला चिमट्यांनी अडकवतात. विजेच्या वस्तूंजवळ एक्स्टेंशन बोर्ड हवाच. इस्त्री तापवून दाखवली तरच खपते. एक गोष्ट मात्र अजिबात मांडू नका: बाळांचे चाकाचे वॉकर. कॅनडात 2004 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे आणि अंगणातल्या बाजारालाही ती लागू आहे. बाळ वॉकरसकट जिन्यावरून कोसळतं, हे त्याचं कारण. आपल्याकडे ते सर्रास मिळतात, म्हणून मुद्दाम सांगते.

लेसचे जुने पडदे, मोठ्या मापाचे गमबूट आणि लोकरी कोट लवकर उचलले जातात. पडदे आणि बूट मम्मर्ससाठी, म्हणजे नाताळात सोंग घेऊन दारोदार फिरणाऱ्यांसाठी जातात. आपल्या शिमग्यात संकासूर आणि गोमू दारोदार फिरतात ना, तशीच ही प्रथा, फक्त 26 डिसेंबर ते 6 जानेवारीच्या थंडीतली. पुरुष बाईचे कपडे घालतात, बायका कोळ्याचे. पाठीला उशी बांधून कुबड करतात, तोंडावर अभ्रा किंवा पडदा घेतात. दार ठोठावून ‘मम्मर्सना आत घेता का?’ असं विचारतात, तेही श्वास आत ओढत बोलून, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. करून बघ, खरंच येत नाही. घरच्यांनी ओळखलं की तोंडावरचं काढायचं, मग केक आणि सरबत किंवा रम मिळते. बहुतेक जण हातांवरून आणि चालीवरून पकडले जातात. म्हणून हातमोजे घालायचे आणि उजवा-डावा बूट उलटा चढवायचा. शेगडीच्या खोलीत जाड अभ्र्याखाली जीव गुदमरतो, त्यापेक्षा लेस बरी. 1860 साली बे रॉबर्ट्स गावात मम्मर्सच्या हातून एकाचा खून झाला आणि 1861 च्या कायद्यानं परवान्याशिवाय सोंग घेणं गुन्हा ठरवलं. तरी लोकांनी प्रथा सोडली नाही.

त्यांच्याबरोबर ‘अग्ली स्टिक’ नावाचं वाद्य असतं. मॉपचा दांडा घ्यायचा, खाली गमबूट बसवायचा. बुटात लाकडाचा ठोकळा घालून दांडा त्यालाच खिळायचा, नाहीतर आठ दिवसांत तळवा फाटतो. बाटल्यांची पत्र्याची बुचं दोन-दोन करून खिळ्यानं दांड्यावर लावायची. बुचाचं भोक खिळ्यापेक्षा मोठं हवं आणि खिळा पूर्ण ठोकायचा नाही, तरच ती घुंगरांसारखी वाजतात. खिळे एका रेषेत आले तर दांडा उभा चिरतो. वर पत्र्याचा डबा लावायचा. जमिनीवर बूट आपटत दुसऱ्या काठीनं ताल धरायचा.

आता तुझ्या कामाचं. लोकरी कोट चटयांसाठी जातात. तू गोधड्या शिवतेस, तुला हे लगेच जमेल. इथे त्या तागाच्या पोत्यावर करतात, त्याला ‘ब्रिन’ म्हणतात. 60 बाय 90 सेंटिमीटरच्या चटईला 80 बाय 110 चं पोतं घे, कडा दुमडून शीव आणि लाकडी चौकटीवर सुतळीनं ढोलकीसारखं ताणून बांध. ढिलं राहिलं तर फासे वरखाली होतात. कापड चटईच्या क्षेत्रफळाच्या चौपट-पाचपट लागतं. लोकर आधी गरम पाण्यात धुवायची, म्हणजे ती घट्ट होते आणि धागे सुटत नाहीत. मग 6 ते 8 मिलिमीटरच्या पट्ट्या काप. सुती लुगड्याचं कापड पातळ, त्याच्या पट्ट्या दुप्पट रुंद हव्यात. डावा हात पोत्याखाली पट्टी धरतो, उजव्या हातातला आकडा वरून भोकात जाऊन फासा वर ओढतो. पट्टीची दोन्ही टोकं वरच काढायची. प्रत्येक भोकात फासा ओढू नकोस, एक सोडून एक पुरे. नवशिक्यांची चटई दाटीमुळेच वाकडी होते, जमिनीवर सपाट बसत नाही. रंग बदलताना खालून पट्टी लांब ओढत नेऊ नकोस, ती पायात अडकून उसवते. तिथेच काप आणि नव्यानं सुरू कर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र ताग कुजेल. जून ते सप्टेंबर चटई गुंडाळून माळ्यावर ठेव. गुंडाळताना फासे बाहेरच्या बाजूला ठेव.

आकडा विकत घ्यायला नको. चार इंची खिळ्याचं डोकं कापून टोक कानशीनं आकड्यासारखं घासायचं आणि लाकडी मुठीत बसवायचं. गावातला सुतार अर्ध्या तासात करून देईल. पोतं मिळालं की त्याची वीण किती विरळ आहे ते फोनवर सांग, म्हणजे पट्टीची रुंदी नेमकी ठरवता येईल.

काकांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुझी,
भाची