धरणाएवढी चढण

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "बोटीत मळमळलं नाही ना?" मी "नाही गं" म्हटलं आणि विषय तिथेच संपला. जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र.

बाबा, आधी तुमच्यासाठी. आमची बोट टोरांटोहून निघाली, म्हणजे ऑन्टारिओ सरोवरातून. पुढचं ईरी सरोवर शंभर मीटर उंचावर आहे. नायगारा नदी ही उंची धबधब्यातून आणि खळाळांतून उतरून येते, आणि बोटीला तीच चढायची असते. त्यासाठी वेलंड नावाचा 43 किलोमीटरचा कालवा आहे आणि त्यात आठ लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या कोठ्या. सगळी मिळून चढण 99.5 मीटर. आकडा ऐकला आणि मला आपलं कोयनेचं धरण आठवलं. पायापासून 103 मीटर, तुम्ही लहानपणी पाठच करून घेतलं होतंत. तेवढ्या उंच भिंतीवर दोनशे प्रवाशांसकट बोट चढते म्हणजे काय, ते बघायला मी पहाटेपासून डेकवर उभी होते.

बोट अरुंद कोठीत शिरते. मागचे दरवाजे मिटतात. दोन्ही बाजूंना ओल्या काँक्रीटच्या भिंती, वर आभाळाची एक पट्टी. मग खालून पाणी यायला लागतं. आवाज जवळजवळ नाही. दहाएक मिनिटांत भिंती खाली गेलेल्या असतात आणि काठावरचं गवत डोळ्यांच्या पातळीवर येतं. पंप एकही नाही! वरच्या अंगाचं पाणी फक्त खाली सोडायचं, बाकी सगळं गुरुत्वाकर्षण करतं. एक लॉक भरायला साधारण नऊ कोटी लिटर लागतं. मी तिथेच गणित केलं, एका टीएमसीत तो तीनशेहून जास्त वेळा भरेल. थोरोल्ड गावापाशी तर चार, पाच आणि सहा नंबरचे लॉक एकाला एक लागून आहेत, घाटाच्या पायऱ्यांसारखे. धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी तुम्ही भोंगा वाजवायचात आणि आम्ही क्वार्टरमधून पळत यायचो. त्या दिवशी भोंगा ऐकल्यावर पाय आपोआप कठड्याकडे वळले.

आताचा कालवा 1932 मध्ये खुला झाला. त्याआधीच्या कालव्याचे लॉक बरेच आखूड होते. 1907 मध्ये स्कॉटलंडमध्ये बांधलेली 'कीवॅटिन' ही प्रवासी आगबोट त्यात मावेना, तेव्हा ती मधोमध कापून दोन तुकड्यांत कालव्यातून नेली आणि बफेलोला पुन्हा जोडली. तीच बोट पुढे 1965 पर्यंत चालली. तुम्ही असतात तर हे तुकडे कसे ओढले, सांधा कुठे मारला, असं दिवसभर विचारत राहिला असतात.

या सरोवरांवर समुद्रातल्यासारख्या चार-पाच हजार माणसांच्या बोटी दिसत नाहीत, त्याचं कारणही हे लॉकच. साधारण 225 मीटरहून लांब किंवा 24 मीटरहून रुंद काही आत घेताच येत नाही. बोट लहान असल्याचा फायदा असा की ती थेट गावातल्या धक्क्याला लागते. उतरलं की दहा पावलांवर रस्ता.

आता थाटाविषयी, कारण मावशी विचारेल. खोली आपल्या कऱ्हाडच्या देवघराच्या खोलीपेक्षा थोडी मोठी, पण पलंगावरून थेट पाणी दिसतं. जेवण चार ठाव. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याला मऊ भात आणि साधं वरण कसं करायचं ते सांगितलं, तिसऱ्या दिवसापासून न मागता आलं. हिंग मी नेला होता.

डेट्रॉइट नदीत एक छोटी लाँच पाहिली, ती तरंगतं टपाल ऑफिस आहे. तिला स्वतःचा पिनकोड आहे, 48222. मोठी मालबोट न थांबता चालत राहते, ही लाँच तिला खेटून धावते, वरून दोरीने बादली खाली येते आणि खलाशांची पत्रं त्यात घालून वर ओढतात. महिनोन्‌महिने घराबाहेर असलेली माणसं ती. ती बादली वर जाताना बघितली आणि तुम्हाला पत्र लिहायचं ठरवलं.

आई, आता तुझ्याशी.

ह्यूरॉन सरोवरात शिरल्यावर काठ दिसेनासा झाला. पाणी गोड, पण समुद्रासारखं चारी बाजूंना. त्या रात्री बोटीवरच्या व्याख्यात्या बाई या सरोवरांना समुद्राशी जोडणाऱ्या, 1959 मध्ये खुल्या झालेल्या सेंट लॉरेन्स जलमार्गाबद्दल सांगत होत्या. बांधकामाचं सगळं सांगून झालं आणि त्या म्हणाल्या, त्यासाठी ऑन्टारिओ प्रांतातली गावं बुडाली. 1 जुलै 1958 ला बांध सुरुंगाने उडवला आणि पुढच्या चार दिवसांत पाणी भरत गेलं. साडेसहा हजार माणसं उठली. पाचशेहून जास्त घरं तर पायापासून उचलून गाड्यांवरून नवीन जागी नेली. गावांना आज 'हरवलेली गावं' म्हणतात.

लोक कॉफी पीत ऐकत होते. मला कोयनेच्या जलाशयाकाठचा तापोळा आठवला. मी नववीत होते, महाबळेश्वरहून आपण सगळे गेलो होतो आणि लाँचमध्ये बसलो होतो. तू काठावर पिशव्या घेऊन बसून राहिलीस. "मला नाही बसायचं, तुम्ही जाऊन या." मी किती चिडले होते तेव्हा, सगळ्यांसमोर तुला भित्री म्हणाले होते. तू काही बोलली नाहीस. त्या पाण्याखाली तुझं घर होतं, आणि आम्ही त्यावरून फेरी मारायला तिकीट काढलं होतं. हे मला माहीत होतं आई, गावाचं नावसुद्धा माहीत होतं. पण कळलं नव्हतं. माझं चुकलं.

त्या रात्री मी तुझ्या वतीने खूप वेळ पाण्याकडे बघत बसले.

मला तुम्हा दोघांना पुढच्या जूनमध्ये याच बोटीने न्यायचं आहे. पैसे चार वर्षं बाजूला टाकते आहे, त्याची चिंता नको. बोट दोन्ही देशांच्या बंदरांना लागते, म्हणून कॅनडाचा आणि अमेरिकेचा असे दोन्ही व्हिसा लागतील. बाबा, पासपोर्टची मुदत बघून ठेवा. आईच्या गुडघ्यांसाठी बोटीत लिफ्ट आहे. मॅकिनॅक बेटावर 1898 पासून मोटारींना बंदी आहे, तिथे घोडागाडीतून फिरायचं. बेटाजवळचा आठ किलोमीटरचा पूल संध्याकाळी डेकवरून बघण्यासारखा आहे.

पण आई, तुला नको असेल तर नको. मी नाराज होणार नाही. सेंट कॅथरीन्सला तिसऱ्या लॉकपाशी उंच सज्जा आहे, माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. बाबांना तिथून चढणाऱ्या बोटी दिवसभर बघता येतील, आणि आपण दोघी मागच्या बाकावर बसू. मग तू मला तुझ्या गावाबद्दल सांग. घराला किती खण होते, देऊळ कुठल्या अंगाला होतं, तुम्ही निघालात तेव्हा बरोबर काय काय नेलंत. मी कधी विचारलंच नाही.

दोन्हीतलं काय ते तू ठरव. फक्त फोनवर "बघू" म्हणू नकोस.

तुमची,
मनू