सांगू नको, विचारत जा

प्रिय प्रणू,

मोबाईल तुमच्या होस्टेलवर जमा असतो, आणि रविवारी जो अर्धा तास भेटतो त्यात काकूंचंच बोलणं संपत नाही, म्हणून हे कागदावर लिहून तुझ्या दादाजवळ देऊन राहिली. त्याने वाटेत उघडून वाचलं तर त्याला सांग, पोळ्याला त्याच्या बैलांच्या शिंगाला मी रंग लावणार नाही. इकडे सगळे बरे आहेत. आजीचे गुडघे, बाबांचा खोकला, तेच ते.

आता झालं काय ते ऐक. केमिस्ट्रीची तोंडी होती. सरांनी विचारलं, क्षार ओळखायच्या प्रयोगात तिसऱ्या गटाचं रिएजंट, म्हणजे त्यात टाकायचं रसायन, कोणतं. प्रणू, मी ते सकाळी एसटीत वाचलं होतं, आदल्या रात्री वाचलं होतं, वहीत निळ्या पेनाने चौकट केली होती, ती चौकट मला दिसत होती, पानाच्या खालच्या कोपऱ्यात, बाजूला शाईचा डाग पण दिसत होता. फक्त चौकटीच्या आत काय लिहिलं ते दिसत नव्हतं. परीक्षानळीत तो पांढरा जेलीसारखा साका मी माझ्या हाताने पाडला होता, तो आठवत होता. नाव नाही. आणि मी डावीकडे पाहिलं. तू समजली असशील. पाचवीपासून सवय आहे ना, अडलं की डावीकडे पाहायचं आणि तुझे ओठ हलायचे. तिथे तिकडच्या गावची एक पोरगी बसली होती, तिला वाटलं मी तिची वही पाहून राहिली, तिने वही बंद केली.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, एवढं लक्षात राहत नाही तर सायन्स कशाला घेतलं, आर्ट्सला जायचं होतं. मला त्याचा राग अजून गेला नाही. आर्ट्सच्या पोरींना काय पाठ करावं लागत नाही का, इतिहासाच्या सनावळ्या त्यांना आपोआप येतात का? आणि गेटच्या बाहेर आल्याबरोबर मला उत्तर आठवलं, अमोनियम क्लोराईड आणि अमोनियम हायड्रॉक्साईड, अगदी स्पष्ट. म्हणजे डोक्यात होतं ना! नव्हतं असं नाही. मग तेव्हा कुठे गेलं होतं?

हे इथे कोणालाच सांगता येत नाही. आई म्हणते बदाम खा. बाबा म्हणतात जाऊ दे. तुला सांगता येते कारण तू पाहिलेलं आहे. सातवीतलं १५ ऑगस्टचं भाषण आठवते? तू पडद्यामागून मला इतक्या जोरात सांगत होती की शेवटी सरपंचांनी बक्षीस कोणाला द्यायचं ते मास्तरांना विचारलं. आणि नववीतलं पण आठवते, हिंदीच्या तासाला तू मुद्दाम सांगितलं नाही आणि वरून सगळ्यांसमोर म्हणाली, "मी काय जन्मभर पुरणार हाव का तुले?" किती दिवस बोललो नाही आपण, शेवटी तुझ्या आजीने दोघींना एकाच ताटात झुणका-भाकर वाढली तेव्हा बोललो. तुझं म्हणणं खरं होतं, पण वर्गात बोलायला नको होतं, हे मी आजही म्हणते. मधल्या सुट्टीत बोलली असती तरी चाललं असतं ना वं.

बरं, पुढचं. आशाताई घरी आल्या होत्या, माझा चेहरा पाहून म्हणाल्या, हिचं रक्त तपासून घ्या. तपासलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, आपल्या वयाच्या पोरींचं १२ तरी पाहिजे. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार खूप म्हणून तीही टेस्ट केली, ती नाही निघाली, आईने त्या दिवशी देवापुढे नारळ फोडलं. डॉक्टर मॅडम चांगल्या होत्या, घाई नाही केली. म्हणाल्या लोह कमी असलं की दम लागते, झोप येत राहते, लक्ष लागत नाही, आणि लक्षच लागलं नाही तर आत जाणार काय आणि आठवणार काय. आणि हे माझ्या एकटीचं नाही म्हणे, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ पोरींना रक्ताची कमी निघाली. शाळेत सोमवारी त्या निळ्या गोळ्या वाटायचे ना, आणि आपण सगळ्या खिडकीतून फेकायचो, त्या ह्याच्यासाठीच होत्या! तुझ्या होस्टेलवर देत असतील तर गिळत जा. चहासोबत नको घेऊ, चहाने लोह अंगी लागत नाही. मी लिंबूपाण्यासोबत घेते.

आता घरात सगळे खूश आहेत. कारण सापडलं ना. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, रक्तच नव्हतं पोरीत, आता भरलं की होईल हुशार. आणि प्रणू, माझी भीती इथेच आहे, हेच लिहायला बसली मी. रक्त भरलं, १२ च्या वर गेलं, आणि तरी मला तिसऱ्या गटाचं रिएजंट नाही आठवलं तर? आज निदान सांगायला गोळी आहे, रिपोर्ट आहे. उद्या रिपोर्ट चांगला आला की मग सांगायला काहीच नाही, मग सरांचंच खरं होईल. रात्री हेच डोक्यात फिरते. मी मॅडमला विचारलं पण, त्यांनी खोटं नाही सांगितलं. म्हणाल्या, थकवा जाईल, लक्ष लागेल, पण पाठांतराचं मी लिहून देऊ शकत नाही, आणि रक्त भरायला काही महिने लागतील. मी चौथीत पण अशीच होती, तू म्हणशील. पण चौथीत माझं रक्त कोणी तपासलं होतं? तेव्हापासूनच कमी असेल तर? पाहा, असं फिरत फिरत मी परत तिथेच येते.

झोपेचं पण आहेच. आपल्या वयात ८ ते १० तास झोप पाहिजे म्हणतात, आणि दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होते. आता हरभऱ्याला ओलीत चालू आहे, रात्रीची लाईन असली की बाबांसोबत टॉर्च घेऊन जावं लागते, रोही (नीलगाई) पिकात येऊन राहिले. बाबांना एकट्याला कसं पाठवू? ते मी सोडणार नाही. दुपारी कॉलेजातून आली की झोपते थोडी.

पण एक गोष्ट सापडली आहे आणि ती कुठे सापडली ते ऐकून तू उड्या मारशील. शांतामायपाशी! आपली शांतामाय, अंगठाबहाद्दर, जिने आपल्याला बोरं तोडताना पळवलं होतं. कापूस वेचायला बायका रोज येतात, संध्याकाळी काट्यावर ओट्या मोजून मी वहीत किलो लिहिते. मला तर काट्यावरचा आकडा वहीपर्यंत नेता येत नाही, तोंडाने म्हणत म्हणतच लिहावा लागते. हिशोबाच्या दिवशी शांतामाय उभी राहिली आणि आठवडाभराचे सगळे किलो धडाधड सांगितले, वहीतलं एकूण एक जुळलं. मी म्हटलं माय, तुह्या ध्यानात कसं राह्यते इतकं? तर म्हणे, "ध्यानात कायचं राह्यते वं, घरी जाता जाता म्हणत जातो. सोमवारचे इतके, मंगळवारचे इतके. नाल्यापाशी अडलो त थांबतो, आठवलं की मंगच नाला वलांडतो. पैशाचं काम हाय, म्हणाव नाई लागन?"

नाल्यापाशी थांबते, प्रणू! वही नाही, काही नाही, स्वतःच स्वतःला विचारते, आणि आठवल्याशिवाय पाय पुढे टाकत नाही. आणि हीच बाई डोक्याला बांधलेला दुपट्टा घरभर शोधते, म्हणजे तिची मेमरी काही वेगळी नाही.

मी हे बायोलॉजीच्या मॅडमला सांगितलं, त्यांचा तर चेहराच फुलला. त्यांनी मोबाईलवर काढून दाखवलं, २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके नावाच्या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर हाच प्रयोग केला होता. काहींनी धडा परत परत वाचला, काहींनी वाचून पुस्तक बंद केलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. एका आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. मी तर आयुष्यभर पहिल्यातच होती ना, वाचून वाचून पान झिजवणारी! वाचताना सगळं ओळखीचं वाटते आणि आपल्याला वाटते आलं. त्याच्याही आधी, एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले प्रयोग १८८५ मध्ये छापले, अर्थ नसलेले शब्द पाठ करायचे आणि किती विसरतो ते मोजायचं. सगळ्यात जास्त माणूस पहिल्या काही तासांतच विसरतो, मग विसरणं हळू होते. हे वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. तो पण विसरत होता, आणि त्याने त्याचं शास्त्र केलं.

म्हणून आता मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आहेत, एका बाजूला प्रश्न, एका बाजूला उत्तर. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून कप्पे केले. आली ती चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, ती उशिरा पाहायची, नाही आली ती परत पहिल्या कप्प्यात, रोज. लाइटनर म्हणून कोणी होता त्याची ही पद्धत आहे. एसटीत आठवीतली मैना खिडकीपाशी बसून मला विचारते, तिला स्वतःला आठवीचं काही येत नाही पण "चूक!" म्हणायला खूप आवडते. काही चिठ्ठ्या पुढे सरकल्या आहेत. काही हलतच नाहीत. भीती गेली असं नाही, पण रात्री डोक्यात तेच फिरायला लागलं की उठून खोकं उघडते, निदान हाताला काम राहते.

आणि हे सगळं करताना मला तुझं कळलं. तू सात वर्षं माझ्यासाठी दुप्पट पाठ केलं ना? तुझं तुला, आणि ओठांनी सांगायला माझं. म्हणूनच तुझं इतकं पक्कं आहे, रोज कोणीतरी तुला विचारत होतं! डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत तुझा नंबर लागला की त्यातला अर्धा पेढा माझा. कसं चाललं आहे तिकडे? टेस्टमध्ये किती पडले ते काकूंना खोटं सांगते म्हणे, मला खरं लिही. मेसची भाजी सुधारली का? ती नांदेडवाली रूममेट अजून रात्री रडते का, तिला इकडचा ठेचा पाठवते. थंडी खूप आहे, कानाला बांधत जा.

आता काम. रविवारी त्या अर्ध्या तासातले शेवटचे थोडे मिनिटं काकूंकडून मागून घे, मी तुमच्या घरी येऊन बसेन. मागच्या पानावर न हलणाऱ्या चिठ्ठ्यांचे प्रश्न लिहिले आहेत. ते विचारायचे. मी गप्प बसली तर तूही गप्प बसायचं, कितीही वेळ लागला तरी. पहिलं अक्षर पण सांगायचं नाही, खोकलायचं नाही, तुझं ते "हं हं" करायचं नाही, काकू बाजूला असतील तरी नाही. उत्तरं मी लिहिलेली नाहीत, ती तुला येतातच.

तुझीच,
रुपा

ता.क. दादाजवळ डब्यात तिळाची चटणी आहे, डबा आईचा आहे, परत पाठव.