विषय: रक्ततपासणीच्या अहवालात छापलेल्या ‘गुडघ्याच्या ग्रेड’बाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

रक्तातल्या घटकांच्या आकड्यांवरून गुडघ्याची ग्रेड देणाऱ्या आपल्या गुडघा-झीज पॅकेजचे दोन अहवाल सोबत जोडले आहेत. पेशंट एकच, अंतर आठ दिवसांचे. पहिल्यावर ‘ग्रेड २’, दुसऱ्यावर ‘ग्रेड ३’. आठवड्यात गुडघा एवढा झिजत नाही.

पहिला नमुना सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी घेतला होता; दुसरा न्याहारी आणि पाऊण तासाच्या फेरफटक्यानंतर. कॉम्प हे कूर्चेतले प्रथिन अर्धा तास चालल्यानेही रक्तात वाढते. हायलुरॉनिक ॲसिड, म्हणजे सांध्याच्या वंगणातला घटक, रक्तात हालचालीने वाढते, खाण्यानेही. शिवाय ते रक्तातून काढून टाकण्याचे काम यकृताचे, त्यामुळे सिरोसिस असेल तर गुडघे ठणठणीत असूनही आकडा चढा येतो. आपल्या फॉर्मवर यातले काहीच विचारलेले नाही. अहवालावरची वेळही नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची आहे, रक्त काढल्याची नाही.

खरा आक्षेप ग्रेडवरच आहे. केलग्रेन-लॉरेन्स यांची सांध्याच्या झिजेची ० ते ४ ही प्रतवारी १९५७ सालची, आणि ती एक्स-रे पाहून ठरते: हाडाच्या कडेला वाढलेले काटे, सांध्यातली कमी झालेली फट. मोठ्या गटांच्या सरासरीत झीज जास्त तिथे कॉम्प जास्त दिसते, हे मान्य. पण शेजारच्या ग्रेडमधले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या माणसाची ग्रेड त्यावरून काढता येत नाही. आणि रक्त नेमके कुठल्या गुडघ्याचे? दोन्ही गुडघे, खुबे, बोटे, मणक्यांतल्या चकत्या, सगळ्यांचे अवशेष त्यात उतरतात. अहवालातल्या चित्रात मात्र उजवा गुडघा लाल रंगवला आहे. फॉर्मवर डावा-उजवा असा रकानाच नाही!

सीटीएक्स-२ ची, म्हणजे कूर्चेतल्या कोलॅजनच्या तुकड्याची, ओळ तर पाहाच. नमुना ‘सीरम’, एकक ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिमोल क्रिएटिनिन’. हे एकक लघवीच्या तपासणीचे. लघवी घेतलीच नव्हती, मग हा आकडा कशाचा?

दोन्ही अहवाल मागे घेऊन ग्रेडची ओळ आणि चित्र वगळून नवे द्यावेत. त्यांवर रक्त काढल्याची वेळ, उपाशीपोटी की कसे, किटचे नाव आणि तोच नमुना पुन्हा तपासल्यास आकड्यात किती टक्के फरक पडतो ते छापावे. किट बदलले की आकडे बदलतात. सीटीएक्स-२ चा खुलासा लेखी हवा. दोन्ही पॅकेजचे पैसे परत करावेत.

कळावे,
आपले ग्राहक

सोबत: दोन्ही अहवालांच्या प्रती, उभे राहून काढलेला दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे