नर्तकी ते निर्माती : रविवारच्या चर्चासत्राबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातील आपल्या नेहमीच्या जागी मल्लिका साराभाई यांच्या कलाजीवनावर चर्चा होईल. नृत्याकडून रंगभूमी आणि दूरचित्रवाणी यांच्या निर्मितीकडे झालेला त्यांचा प्रवास हा विषय असून, निव्वळ गौरवपर भाषणांना त्यात वाव ठेवलेला नाही.

मल्लिकाबाई मूळच्या भरतनाट्यम आणि कुचिपुडीच्या नर्तकी. आई मृणालिनी यांनी १९४९ साली अहमदाबादेत स्थापलेल्या दर्पण अकादमी या नृत्य-नाट्य संस्थेच्या वातावरणात त्या वाढल्या. मात्र व्यवस्थापनाची पदवीही त्यांनी तेथील आयआयएममधून घेतली, आणि त्यांच्या निर्मितिकार्याचा विचार करताना ही बाब नजरेआड करू नये, असे माझे मत आहे. ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुक यांच्या १९८५ सालच्या, सुमारे नऊ तास चालणाऱ्या ‘महाभारत’ नाटकात त्यांनी द्रौपदी साकारली. त्यानंतर स्वतःचे नाट्यप्रयोग, दर्पणमार्फत सामाजिक प्रश्नांवरील दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि साबरमतीकाठचे ‘नटराणी’ हे खुले नाट्यगृह असा कामाचा विस्तार होत गेला. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

बडोद्यात भरतनाट्यम आले ते तंजावरच्या मराठी राजकन्येच्या, म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या पत्नी पहिल्या चिमणाबाईंच्या सासरी येण्याबरोबर. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावे द्यावीत. प्रत्येकास सात मिनिटे मिळतील आणि गेल्या वेळचा अनुभव पाहता ती मर्यादा या खेपेस काटेकोरपणे पाळली जाईल.

– कार्यवाह